कागद हाताशी येईपर्यंत

मेलेला माणूस पुन्हा जन्मतो याचं आपल्याला फारसं नवल नाही. फक्त आपल्याकडचा जीव पुढच्या जन्मी निघताना सोबत नेतो ते पापपुण्याचं गाठोडं. मागचं आठवत काही नाही, भोगावं मात्र सगळं लागतं. जपानी ‘इसेकाई’ गोष्टींतल्या जिवाचं नेमकं उलटं. पापपुण्याचा हिशेब त्याच्यामागे कुणी लावत नाही आणि आठवण मात्र लख्ख शिल्लक असते. टोकियोत ट्रकखाली सापडलेला पोरगा तलवारींच्या, जादूच्या कुठल्याशा जगात डोळे उघडतो, व्हिडिओ गेममध्ये कमावलेले डावपेच त्याला तोंडपाठ असतात, आणि बघता बघता अख्खं राज्य त्याच्या पायाशी येतं. जपानमध्ये अशा गोष्टींचं अफाट पीक आलं. ‘शोसेत्सुका नी नारो’, म्हणजे ‘चला, कादंबरीकार होऊ या’, अशा भाबड्या नावाचं एक संकेतस्थळ तिथे 2004 पासून चालतं. कुणीही यावं, लिहावं, रोज एक प्रकरण टाकावं. वाचणाऱ्याला दमडी मोजावी लागत नाही. तिथे दुसऱ्या जगातल्या पुनर्जन्मांची इतकी गर्दी झाली की 2016 मध्ये त्यांच्या लोकप्रियतेची यादीच वेगळी काढावी लागली.

या गर्दीतली एक कादंबरी मी मनापासून, आणि बरीचशी तिच्याशी भांडत भांडत, वाचली. काझुकी मिया या लेखिकेची ‘होनझुकी नो गेकोकुजो’. इंग्रजीत ती ‘असेंडन्स ऑफ अ बुकवर्म’ म्हणून मिळते. सप्टेंबर 2013 मध्ये पहिलं प्रकरण आलं, मार्च 2017 मध्ये शेवटचं. एकूण 677 प्रकरणं. सरासरी काढली तर दर दोन दिवसांना एक. मग त्याचे छापील खंड निघत राहिले, डिसेंबर 2023 मध्ये 33वा आणि शेवटचा. माझी भाची पुण्यात जपानी शिकते, तिने हे प्रकरण माझ्या गळ्यात घातलं. म्हणाली, ‘‘मावशी, तू हे वाचच. यात उगाच राक्षस मारत सुटत नाही कुणी. पोरगी कागद करते.’’

कागद करते म्हणाल्यावर मी बसलेच वाचायला.

नायिका मोतोसु उरानो. हिचं वाचनाचं वेड सोज्वळ नाही, ते व्यसनाच्या जातीचं आहे. जेवताना पुस्तक, चालताना पुस्तक, समोर आई बोलतेय आणि हिची नजर पानात. कॉलेज संपता संपता ग्रंथालयातली नोकरी पदरात पडलेली. अशात भूकंप होतो आणि अंगावर पुस्तकांचे ढिगारे कोसळून बाई मरतात. मरता मरता मागणं एवढंच की पुढच्या जन्मीही वाचायला मिळू दे. देवाचा स्वभाव मिश्कील असावा. तिला जाग येते ती एरेनफेस्ट नावाच्या शहरात, एका शिपायाच्या पाच वर्षांच्या मुलीच्या अंगात. मुलीचं नाव माइन. ताप हटत नाही, चार पावलं टाकली की धाप लागते, अंथरूण पेंढ्याचं, अंगाला घामाचा वास. आणि घरात एक पुस्तक नाही. पुस्तक सोडा, एक अक्षर नाही. पुस्तकं सरदारांच्या वाड्यात. चर्मपत्राचं एक पान घ्यायचं तर बापाचा महिन्याचा पगार जायचा.

मग ती ठरवते की पुस्तक मिळत नसेल तर करायचं.

इथून पुढचा पहिला भाग मला या सबंध कादंबरीचं काळीज वाटतो. माइन गवताच्या काड्या सोलून त्यांचे धागे एकमेकांत गुंफत बसते, पपायरससारखं काही होईल या आशेने. पोस्टकार्डाएवढा तुकडा व्हायला इतका वेळ आणि इतकी बोटं लागतात की नाद सोडावा लागतो. मग मातीच्या पाट्या. त्या पोरं पायदळी तुडवतात. पुन्हा केलेल्या भट्टीत फुटतात. मग लाकडाच्या चपट्या पट्ट्या तासून त्यांवर लिहायचं ठरतं, तर आई त्या चुलीत घालते. तिच्या दृष्टीने ते सरपण, तिची काय चूक? नाईल, मेसोपोटेमिया, चीन, अशी माणसाच्या लिहिण्याची हजारो वर्षं एका आजारी पोरीच्या घराभोवती काही महिन्यांत हरून जातात.

यातलं मर्म असं की उरानोने हे सगळं वाचलेलं आहे. पपायरस कसा करत, कागद कोणत्या झाडाच्या सालीचा, शाईत काजळी किती, सगळं डोक्यात आहे. हाताला मात्र काही येत नाही. बाकीच्या इसेकाई गोष्टींत ज्ञान म्हणजे किल्ली. फिरवली की कुलूप उघडलंच. इथे ज्ञान आहे आणि मनगट नाही. शेजारचा लुट्झ नावाचा, तिच्याच वयाचा काटक पोरगा तिचं मनगट होतो. ती सांगणार, तो करणार. दगड कुठून आणायचा, लाकूड किती तासायचं, भांडं कुणाचं मागायचं, या एकेका गोष्टीवर प्रकरणंच्या प्रकरणं जातात. कंटाळवाणं वाटेल असं वर्णन मी करतेय याची मला कल्पना आहे. वाचताना मात्र एका खिळ्यासाठी जीव टांगणीला लागतो.

बेन्नो नावाचा एक व्यापारी या दोघांची परीक्षा घेतो. कागद करून दाखवा, मग बघू. भांडवल त्याचं, बदल्यात माइनने केस धुवायला केलेल्या तेलाची कृती. (बेन्नो एक नंबरचा धंदेवाईक माणूस आणि कादंबरीतल्या सगळ्यात प्रेमळ माणसांपैकी एक. या दोन गोष्टी एका माणसात लेखिकेने छान बसवल्या आहेत.) मग फांद्या वाफवा, साल सोला, नदीच्या गार पाण्यात भिजत टाका, वाळवा, राखेच्या पाण्यात उकळा, धुवा, बडवून बडवून लगदा करा. त्यात चिकट रस कालवा, बारीक पट्ट्यांच्या साच्यावर लगदा उचला, पाणी निथळू द्या, दाबा, फळीवर चिकटवून उन्हात धरा. जपानमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाशी कागद असाच होत आला आहे. तिथली तीन गावठिकाणांची कागदकला 2014 मध्ये युनेस्कोच्या यादीतही गेली. तिकडे साल कोझो झाडाची आणि चिकट रस तोरोरो-आओईच्या मुळांचा. एरेनफेस्टात यातलं काही उगवत नाही. मग फोलरिन नावाचं झाड सापडतं, कुठल्याशा फळाचा चीक सापडतो. शिवाय एक विचित्र झाड, जे जमिनीतून एकदम उसळून येतं आणि भोवतालच्या मातीचा कस शोषून टाकतं. पोरं आरडाओरडा करत कोयते घेऊन धावतात आणि तोडून टाकतात. त्याचा कागद सगळ्यांत उत्तम निघतो. या झाडाचं नाव ट्रोम्बे. मुंबईकराच्या डोळ्यांपुढे भलतंच काही उभं राहील, पण त्याला इलाज नाही.

पुण्यात शिवाजीनगरला 1940 पासूनची हातकागद संस्था आहे. तिथे मी साचा उचलणाऱ्या कारागिराला बघत उभी राहिले होते. तिथला लगदा सुती चिंध्यांचा. हौदात पाण्याखाली साचा तिरका घालायचा, आडवा वर घ्यायचा, आणि पाणी खाली गळत असतानाच मनगटाला एक हिसका द्यायचा, पुढे-मागे, मग डावी-उजवीकडे. त्या हिसक्यात तंतू एकमेकांत अडकतात. हिसका जास्त झाला की कागद एकीकडे जाड, एकीकडे विरविरीत. मी त्यांना विचारलं, किती झटकायचं हे कसं कळतं? ते म्हणाले, ‘‘कळत नाही ताई, होतं.’’ आणि ओल्या कापडावर साचा उपडा करून पुढचा घाणा काढायला वळले. काझुकी मियांनी हे ‘होतं’ पकडलं आहे. लुट्झच्या हातचे पहिले कागद कुठे जाड, कुठे फाटलेले. मग हळूहळू सारखे होत जातात. आधुनिक जगातून आलेली बाई बाजूला उभी राहून बघते. तिला तो हिसका शेवटपर्यंत जमत नाही. जमायची गरजही लेखिकेला वाटत नाही.

पुढे छपाई येते. कातरलेल्या कागदातून शाई दाबून चित्रं, सायक्लोस्टाईलच्या जातीचं मेणकागदाचं तंत्र, खिळे. योहान नावाचा एक तरुण लोहार आहे. कामात इतका बारकावा मागतो की गिऱ्हाइकं पळून जातात, आणि आश्रयदाता मिळाल्याशिवाय तर त्याला पुढे जाता येणार नाही. माइन त्याला काम देते ते धातूची अक्षरं ओतण्याचं, सगळी एका उंचीची. पोरगा करून आणतो. ती आनंदाने वेडी होते आणि त्याला ‘गुटेनबर्ग’ अशी पदवी बहाल करते. त्या जगात गुटेनबर्ग कोण हे कुणाला ठाऊक असणार? पदवी गळ्यात पडलेला योहान गोंधळून उभा. पुढे शाईवाले, सुतार, खुद्द बेन्नो, एकेकाला ही पदवी चिकटत जाते आणि ज्याला मिळते त्याच्या झोपेची वाट लागते.

योहान वाचताना मला आपले गणपत कृष्णाजी आठवत राहिले. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात चालणारं काम या माणसाने पाहिलं, आणि घरी स्वतः लाकडी यंत्र जुळवलं, छापण्याजोगा दगड शोधला, शाई स्वतः घोटली, आणि 1831 मध्ये छापील मराठी पंचांग बाजारात आणलं. पुढे खिळेही स्वतःच्याच कारखान्यात पाडले. गोविंद नारायण माडगांवकरांच्या ‘मुंबईचे वर्णन’ या 1863 सालच्या पुस्तकात त्यांची हकीकत आहे. चरबीच्या शाईने छापलेलं सोवळ्यातले लोक हातात धरीनात, म्हणून तुपाची शाई वापरली, असंही सांगतात. ही तुपाची शाई काझुकी मियांना कळली असती तर त्यांनी त्यावर तीन प्रकरणं सहज लिहिली असती, आणि ती चांगली झाली असती. यंत्र बसवणं सोपं; माणसांच्या विटाळातून, मानापमानातून, धंद्याच्या संघांतून ते पुढे नेणं अवघड, हे त्यांना पक्कं माहीत आहे. चर्मपत्र विकणारे कागदाला आडवे येतात, नक्कल करून पोट भरणारे पुस्तकाला आडवे येतात. प्रत्येक नव्या वस्तूमागे कुणाची तरी जुनी भाकरी जाते, हे इतक्या हिशेबीपणे मांडणारी कल्पनारम्य कादंबरी मी तरी दुसरी वाचली नाही.

आता भांडणाकडे येते.

माइन नावाची एक मुलगी होती. तापात ती गेली आणि तिच्या जागी ही परकी बाई येऊन बसली. इसेकाई गोष्टींत हा मृत्यू कुणी मोजत नाही. आधीच्या देहातलं कोण होतं हे विचारायची पद्धत नाही. इथे लुट्झ विचारतो. ही मुलगी इतकं सगळं कुठून जाणते, हा संशय वाढत जाऊन एक दिवस तो तिच्यावर उखडतो, माझी माइन परत दे म्हणतो. तिच्याकडे उत्तर नाही. ती म्हणते, मला हे शरीर सोडून जाणं जमेल, पण त्याने तुझी माइन परत येणार नाही. लुट्झ शेवटी तिला स्वीकारतो. दोघं पाच-सहा वर्षांची, आणि हा प्रसंग मोठ्या माणसांच्या कुठल्याही कादंबरीत शोभावा असा. पण तो तिथेच मिटवून टाकलाय. ज्या आईने दोन वेळच्या जेवणाच्या विवंचनेत ते आजारी पोर जगवलं, तिच्या हातून ते पोर गेलं, आणि तिला त्याचा शोक करायचीही संधी कादंबरी देत नाही. मला एफा, म्हणजे त्या आईसाठी, फार वाईट वाटत राहिलं. लेखिकेला नसेल वाटलं असं नाही. तिला पुढे जायची घाई होती, बस.

असंच मनाच्या आणि शरीराच्या वयाचं. नायिका आत बावीस वर्षांची, बाहेर पाच, सात, दहा. सोयीप्रमाणे ती कधी शहाणी बाई होते, कधी हट्टी पोर. शेवटी फर्डिनांडशी तिचं लग्न ठरतं; तो तिला लहानपणापासून शिकवणारा, औषध देणारा, रागावणारा माणूस. लेखिका हे हळुवारपणे करते, तरी मला ते गिळायला जड गेलं. भाचीला विचारलं तर ती म्हणाली, ‘‘मावशी, तिकडच्या वाचकांनी यावर तुझ्याआधी खूप डोकं खाजवलंय.’’ असेल.

मंदिराचा भाग मात्र मला परत परत वाचावासा वाटतो. मंदिराच्या ग्रंथालयाच्या मोहापायी माइन तिथे पुजारीण म्हणून शिरते. तिथल्या अनाथाश्रमाच्या मागच्या दाराआड लहान पोरं उपाशी, घाणीत पडलेली. ती बघते आणि तोंड फिरवून निघून येते. नायिकेने तोंड फिरवलेलं दाखवायला धैर्य लागतं. अन्न गोड लागत नाही म्हणून, डोळ्यांपुढून चित्र हलत नाही म्हणून, कधीतरी ती परत फिरते. तिथे पोरांना धुऊन काढते, सूप शिजवायला शिकवते, कागदाच्या कामाला लावते, पत्त्यांच्या खेळातून अक्षरं शिकवते. हिवाळा संपता संपता करड्या कपड्यांतली ती पोरं वाचायला लागतात, आणि सरदारांच्या पोरांना अजून सगळी अक्षरं येत नसतात. हे वाचून मराठी वाचकाच्या मनात जे येणार ते येतंच. पण त्यापुढे मी अडखळले. मंदिरातले करडे सेवक विकले जातात, सरदारांच्या हवाली केले जातात, त्यांतल्या मुलींचं काय होतं हे कादंबरी स्पष्ट सुचवते. माइन तिच्या हाताखालच्यांना वाचवते. व्यवस्थेला हात लावत नाही. जपानी शीर्षकातल्या ‘गेकोकुजो’मध्ये खालच्याने वरच्याला उलथवण्याची भाषा आहे. प्रत्यक्षात खालची एकटी पोर वर चढते आणि शिडी जागच्या जागी राहते. याला मी आधी दोष म्हणत होते. आता दोषच म्हणते, फक्त तो खोटेपणाचा दोष नाही. आजारी, धास्तावलेल्या, पुस्तकासाठी हपापलेल्या मुलीने क्रांती केली असती तर ती मला खोटी वाटली असती.

दुसऱ्या भागाच्या शेवटी माइनला घर सोडावं लागतं. तिच्या अंगात जादूचं बळ प्रचंड, आणि ते सरदारांच्या हाती पडलं तर तिचं कुटुंब जिवंत राहणार नाही. म्हणून माइन मेली असं जाहीर होतं. ती रोझेमाइन या नावाने सरदारकन्या होते, आणि जादूच्या करारावर सह्या होतात की आईबापांनी तिला मुलगी म्हणायचं नाही, तिने त्यांना आईबाप म्हणायचं नाही. तूली, तिची मोठी बहीण, तिला सांगते की मी पहिल्या दर्जाची शिवणारी होईन, तुझे कपडे मीच करीन. पुढे वर्षानुवर्षं तूली मंदिरात येते ती केसांतली फुलं विणणारी कारागीर म्हणून. दोघी समोरासमोर बसतात. मध्ये टेबल, बाजूला नोकरचाकर. जिला कालपर्यंत अगं-तुगं केलं, पेंढ्याच्या एकाच अंथरुणात जिच्या पायाला पाय लावून झोपलो, तिच्यासमोर मान खाली घालून रंग कोणता हवा, पाकळ्या किती, हे विचारायचं. फुलात कोणता धागा घातलाय एवढ्यावरून धाकटीला कळतं की घरी सगळं ठीक आहे. हे प्रसंग छोटे आहेत. आणि तिसऱ्या भागापासून ते विरळ होत जातात, तसतसं कादंबरीतलं पाणी आटत जातं.

कारण पुढे येतं राजविद्यालय. सरदारांची मुलं, वेगवेगळी संस्थानं, चहापानं, नवस, मंत्र, स्पर्धा, आणि नावं. नावांचा नुसता पूर. जर्मन वळणाची, जिभेला घोळवता न येणारी, देवदेवतांची वेगळी, संस्थानांची वेगळी. नमस्कार करायचा तर आधी चार देवांची स्तुती. कोण कुणाचा मामा, कोण कुणाच्या गटातला, हे लक्षात ठेवायला मी वहीत वंशावळी काढल्या, आणि तरी हरवले. फर्डिनांड रागावतो, रोझेमाइन बेशुद्ध पडते, सगळे धावतात, फर्डिनांड औषध देऊन पुन्हा रागावतो. हे चक्र इतक्यांदा फिरतं की मी त्याच्या आधी बेशुद्ध पडायच्या बेतात आले.

याचा दोष प्रकाशनाच्या पद्धतीलाही द्यायला हवा. दोन दिवसांना एक प्रकरण लिहायचं तर वाचकाला मागचं आठवून द्यावं लागतं, प्रत्येक तुकड्यात थोडा ताण आणि थोडा दिलासा ठेवावा लागतो, मागे जाऊन कापायला सवड नसते. हरिभाऊ आपट्यांनीही ‘करमणूक’मध्ये आठवड्याच्या आठवड्याला कादंबऱ्या घातल्या, आणि त्यांतही पाल्हाळ आहे; विषय तोलामोलाचा असला की तो खपून जातो. काझुकी मियांच्या पहिल्या दोन भागांतला पाल्हाळ खपतो, कारण तिथे प्रत्येक पानावर एखादी वस्तू आहे: सुई, राख, खिळा, चिंधी. पुढच्या पानांवर शिष्टाचार आहेत. वस्तूच्या पाल्हाळात काहीतरी बनत असतं. शिष्टाचाराच्या पाल्हाळात नुसती माणसं एकमेकांना जोखत बसतात. एक गोष्ट मात्र छापील खंडांनी चांगली साधली. प्रत्येक खंडाच्या आधी आणि शेवटी दुसऱ्या कुणाच्या तरी नजरेतून लिहिलेली छोटी कथा आहे: आई, नोकर, लुट्झ, कुणी शत्रू. नायिका बाहेरून कशी दिसते ते तिथे कळतं. ती बाहेरून फार भीतिदायक दिसते, आणि हे तिला स्वतःला कधीच कळत नाही.

पण माझं खरं भांडण वेगळं आहे. माइन दुबळी होती, हीच गोष्टीची ताकद होती. नंतर कळतं की तिचा ताप म्हणजे अंगात कोंडलेलं जादूचं बळ, आणि ते राज्यात कुणाकडे नाही एवढं. म्हणजे ज्या इसेकाई नायकांना मी सुरुवातीला हसले, त्यांच्याच पंगतीत लेखिकेने तिलाही मागच्या दाराने नेऊन बसवलं. अडचणी मोठ्या होतात, त्या सोडवायचं बळही मोठं होतं, आणि हाताने करायचं काही उरत नाही. शेवटच्या भागात तर ज्ञानाची देवता मेस्तिओनोरा हिचं दैवी पुस्तकच तिला मिळतं. जिने गवताच्या धाग्यांचं पोस्टकार्ड विणलं होतं, तिला बसल्या जागी साक्षात देवतेकडून ग्रंथ. मी तो भाग वाचून पुस्तक मिटलं आणि बराच वेळ उघडलं नाही.

ज्यांना शेवट कळायला नको आहे त्यांनी हा परिच्छेद वगळावा. देवता तिच्या शरीरात उतरते तेव्हा तिच्या आठवणींचा काही भाग तोडून टाकते. कोणता? पुस्तकांपेक्षा जे तिला जास्त प्रिय होतं तेवढा. उरानोच्या जन्मात असं काही नव्हतंच. तोडायला देवतेला काही सापडलं नसतं. आता सापडतं, आणि ते भरपूर आहे. लुट्झ, तूली, आईबाप, फर्डिनांड. ती समोर पुस्तक धरून बसलेली आहे, मजेत आहे, आणि आजूबाजूच्या माणसांच्या चेहऱ्यांवरून तिला अंदाजही येत नाही की काय हरवलंय. तेहतीस खंडांत नायिका किती बदलली, हे मोजायची याहून चलाख युक्ती मला सुचली नसती. जादू, देवता, राजमुकुट या सगळ्या पसाऱ्यात लेखिकेचं लक्ष मूळ हिशेबावरून हललेलं नव्हतं. या एका युक्तीसाठी मी चहापानाची निम्मी प्रकरणं माफ केली. उरलेली निम्मी अजून माफ केलेली नाहीत. कुणी चांगला संपादक भेटला असता आणि त्याने कात्री लावली असती, तर आठ-दहा खंड सहज गळले असते, असं मी भाचीला म्हटलं. ती चिडली. म्हणाली, तिला त्या मुलांबरोबर राहायचं असतं, गोष्ट पुढे जावी म्हणून ती वाचतच नाही. रोज जेवणानंतर एक प्रकरण, एवढंच. ज्यांनी साडेतीन वर्षं दर दोन दिवसांनी या पोरीची वाट पाहिली, त्या जपानी वाचकांचंही बहुधा असंच असावं. मी एकगठ्ठा वाचणारी. लांबी मलाच जास्त टोचली.

सध्या आम्ही दोघी पुढची कथा वाचतोय. तिची नायिका हानेलोरे, डुंकेलफेल्गर या लढवय्या संस्थानाची भित्री राजकन्या. ही कुठेही पोचते ती चुकीच्या वेळी. रोझेमाइनची ती मैत्रीण. पुस्तकांच्या देवाणघेवाणीतून झालेली. हिला मागचा जन्म नाही, जपान नाही, काहीच आठवत नाही. छापील पुस्तक हातात येतं तेव्हा अक्षरं सुबक आहेत आणि गोष्ट छान आहे एवढंच ती बघते. खिळे कुणी ओतले, लगदा कुणी बडवला, हा प्रश्न तिला पडत नाही. भाचीच्या मते यात काही घडतच नाही, नुसती लग्नाची बोलणी चालली आहेत. मला मात्र मजा येतेय.